जर्मनीतला ऐच्छिक बेरोजगारी विमा: स्वतःचा व्यवसाय करणाऱ्यांनी घ्यावा का?

नोकरी सोडून स्वतःचं काम सुरू करणाऱ्याला जर्मनीत सरकारी बेरोजगारी विमा स्वखर्चाने पुढे चालू ठेवता येतो. बहुतेकांना हे कळतं तेव्हा अर्जाची मुदत टळून गेलेली असते. हा विमा कुठलीही खासगी कंपनी विकत नाही. तिथलं रोजगार कार्यालय, म्हणजे 'आगेंटुअर फ्यूर आर्बाइट', तो चालवतं आणि त्याचे मूळ नियम सामाजिक कायद्याच्या तिसऱ्या खंडात, कलम २८ए मध्ये आहेत. घासाघीस नाही, आरोग्य तपासणी नाही, धंद्यातल्या जोखमीची चौकशीही नाही. पण एजंट नसल्यामुळे बारकावे समजावून सांगायलाही कोणी नसतं, आणि या विम्यात सगळं काही बारकाव्यांवर अवलंबून आहे.

मत आधीच सांगतो. उच्चशिक्षित माणसाने, पन्नाशीच्या पुढच्या माणसाने आणि खासगी आरोग्य विमा घेतलेल्या पंचावन्नच्या आतल्या माणसाने हा विमा घ्यावा. ज्याच्याकडे औपचारिक शिक्षण किंवा प्रशिक्षण नाही, त्याने आकडेमोड करूनच ठरवावं. हप्ता सगळ्यांना सारखा असतो, पण मिळणारा भत्ता एकाला दुसऱ्याच्या दुप्पट असू शकतो. या योजनेवरचा आमचा सगळ्यात मोठा आक्षेप हाच आहे.

इंटरनेटवर अजूनही जुने लेख फिरतात आणि त्यांत महिन्याला १८ यूरोंहून कमी हप्ता लिहिलेला दिसतो. तो खरा होता, पण २०१० सालचा. योजना १ फेब्रुवारी २००६ रोजी सुरू झाली आणि २०१० मध्ये पश्चिम जर्मनीत महिन्याला १७.८९ यूरो पडत. २०११ मध्ये नियम बदलले, हप्ता टप्प्याटप्प्याने वाढला आणि २०१२ मध्ये तो थेट ७८.७५ यूरोंवर गेला. आज तो 'बेत्सुग्सग्रोसे' नावाच्या, दरवर्षी सरकार ठरवतं त्या आधाररकमेच्या २.६ टक्के असतो. २०२५ मध्ये ही रक्कम महिन्याला ३,७४५ यूरो होती, म्हणजे हप्ता ९७.३७ यूरो. २०२६ मध्ये ती ३,९५५ झाली आणि हप्ता १०२.८३ यूरो झाला. तुमची कमाई किती आहे याच्याशी याचा काहीही संबंध नाही.

आता प्रवेशाच्या अटी. व्यवसाय सुरू करण्याआधीच्या ३० महिन्यांत किमान १२ महिने तुम्ही बेरोजगारी विम्याच्या कक्षेत असायला हवं. साध्या भाषेत, पगारातून हप्ता कापला गेलेला असायला हवा. हे १२ महिने सलग नसले तरी चालतात. ते भरत नसतील, पण व्यवसायाच्या लगेच आधी तुम्हाला बेरोजगारी भत्त्याचा हक्क असेल, तरीही दार उघडं आहे. दुसरी अट कामाच्या तासांची. व्यवसायाला आठवड्याला किमान १५ तास दिले पाहिजेत. यात ग्राहकाला बिल लावता येतात तेवढेच तास धरायचे, असा गैरसमज आहे. कामाची तयारी, हिशोब, नवं काम मिळवण्याची धडपड हेही कामाचेच तास आहेत. नोकरी सांभाळून जोडधंदा करणाऱ्याला या विम्याची गरजच नाही, कारण त्याचा हप्ता पगारातून जातच असतो.

आणि ती मुदत. अर्ज व्यवसाय सुरू झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत पोहोचला पाहिजे. तीन महिने आणि एक दिवस झाला तर अर्ज नामंजूर होतो. 'मला माहीत नव्हतं' हे कारण चालत नाही. पुढे धंदा मंदावल्यावर 'आता घेऊ या' म्हणायची सोयही नाही, कारण मुदत व्यवसायाच्या पहिल्या दिवसापासून मोजली जाते. म्हणून व्यवसायाची नोंदणी करता त्याच आठवड्यात हा अर्ज टाकावा. उशिरा टाकून काही वाचतही नाही. विमा मागे जाऊन व्यवसाय सुरू झाल्याच्या दिवसापासून लागू होतो आणि हप्तेही तेव्हापासूनचे भरावे लागतात.

अर्ज किचकट नाही. रोजगार कार्यालयाकडून फॉर्म घ्यायचा, व्यवसाय सुरू झाल्याची तारीख लिहायची आणि पुरावा जोडायचा. दुकान, व्यापार किंवा सेवा-उद्योग असेल तर 'गेवेर्बे-आनमेल्डुंग', म्हणजे व्यवसाय नोंदणीची प्रत. डॉक्टर, आर्किटेक्ट, अनुवादक, पत्रकार अशा 'फ्रायबेरुफ्लर' मंडळींना ही नोंदणी नसते. त्यांनी कर कार्यालयाचं, म्हणजे 'फिनान्त्सआम्ट'चं, कर क्रमांकाचं पत्र लावावं. हे पत्र यायला कधी कधी कित्येक आठवडे लागतात. त्याची वाट पाहण्यात मुदत घालवू नका. अर्ज आधी पाठवा, पत्र मागाहून जोडा. आधीच्या मालकाकडून नोकरीच्या कालावधीचा दाखला मात्र नोकरी सोडतानाच मागून ठेवा. अर्ज पोहोचल्याची पोच जपून ठेवा. वाद झालाच तर तो बहुधा तारखेवरच होतो.

नव्याने सुरुवात करणाऱ्याला हप्त्यात सवलत आहे आणि ती कशी मोजतात हे लक्षात घेण्यासारखं आहे. ज्या कॅलेंडर वर्षात व्यवसाय सुरू झाला ते वर्ष आणि त्याच्या पुढचं पूर्ण कॅलेंडर वर्ष, एवढा काळ निम्माच हप्ता लागतो. जानेवारी २०२५ मध्ये सुरुवात केलेल्याला २४ महिने निम्मा हप्ता: २०२५ मध्ये महिन्याला ४८.६९ आणि २०२६ मध्ये ५१.४२, एकूण सुमारे १,२०१ यूरो. डिसेंबर २०२५ मध्ये सुरुवात केलेल्याला सवलत फक्त १३ महिने मिळते. व्यवसाय नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये सुरू करायचा विचार असेल आणि काम थांबवण्यासारखं असेल, तर जानेवारीची वाट पाहणं फायद्याचं.

बदल्यात काय मिळतं? भत्ता किती महिने मिळणार हे विम्याच्या कालावधीवर ठरतं. १२ महिने विमा भरला असेल तर ६ महिने भत्ता, १६ महिन्यांवर ८, २० वर १० आणि २४ वर १२ महिने. वय ५० पूर्ण असेल आणि ३० महिने भरले असतील तर १५ महिने, ५५ वर्षांनंतर ३६ महिने भरले तर १८, आणि ५८ नंतर ४८ महिने भरले तर २४ महिने. यात आधीच्या नोकरीतले महिनेही धरले जातात. त्यासाठी पाच वर्षं मागे पाहिलं जातं.

रक्कम काढण्याची पद्धत जरा नीट समजून घ्यावी लागते. दोन वर्षांच्या मोजणीच्या काळात तुमच्याकडे किमान १५० दिवसांचा पगार असेल, तर भत्ता त्या खऱ्या पगारावर काढतात. म्हणजे व्यवसायाच्या पहिल्या साधारण एकोणीस महिन्यांत काम बंद पडलं तर जुना पगारच आधार. त्यानंतर पगाराचा आधार सुटतो आणि सरकार शिक्षणाच्या चार गटांपैकी एका गटात बसवून काल्पनिक पगार ठरवतं. विद्यापीठाची पदवी लागणाऱ्या कामासाठी वार्षिक आधाररकमेचा ३०० वा भाग रोजचा पगार धरतात. 'माइस्टर', म्हणजे उस्ताद कारागीर, किंवा तत्सम तांत्रिक विद्यालयाच्या पात्रतेला ३६० वा, पूर्ण झालेल्या व्यवसाय-प्रशिक्षणाला ४५० वा आणि प्रशिक्षण नसेल तर ६०० वा भाग. २०२५ च्या आकड्यांनी पहिल्या गटाचा रोजचा पगार १४९.८० यूरो, दुसऱ्याचा १२४.८३, तिसऱ्याचा ९९.८७ आणि चौथ्याचा ७४.९०. त्यातून सामाजिक सुरक्षेपोटी २० टक्के आणि करवर्गाप्रमाणे, म्हणजे वैवाहिक स्थितीवर ठरणाऱ्या आयकराच्या गटाप्रमाणे, आयकर वजा करतात. उरलेल्या रकमेच्या ६० टक्के, किंवा मूल असेल तर ६७ टक्के, भत्ता हातात येतो. एकट्या, मूल नसलेल्या माणसाला पहिल्या गटात महिन्याला सतराशे यूरोंच्या आसपास, चौथ्या गटात हजाराच्या आसपास. हप्ता मात्र दोघांचा एकच. ज्याला आधाराची गरज जास्त, त्याला परतावा बराच कमी. हे आम्हाला अन्यायाचं वाटतं आणि तसं स्पष्ट म्हणायला हवं.

भारतातून पदवी घेऊन आलेल्यांनी इथे थांबून विचार करावा. गट ठरतो तो रोजगार कार्यालय तुम्हाला कोणत्या प्रकारच्या नोकरीकडे पाठवणार यावर. तुमची पदवी जर्मनीत कोणत्या दर्जाची धरली जाते याचा कागद हाती नसेल, तर खालच्या गटात बसवले जाण्याची भीती असते. परदेशी पदवीचं अधिकृत मूल्यांकन सुरुवातीलाच करून घ्या. भत्त्याचा अर्ज करताना ते मागायला गेलात तर तोवर निर्णय होऊन गेलेला असेल. पती-पत्नींसाठी आणखी एक गोष्ट: ज्या वर्षी भत्त्याचा हक्क उभा राहतो, त्या वर्षाच्या सुरुवातीला जो करवर्ग असेल तोच साधारणपणे हिशोबात धरतात. घाईघाईने मध्येच बदलून उपयोग होत नाही.

पण या विम्याची खरी किंमत केव्हा वसूल होते? इथे बहुतेक सल्लागार गप्प बसतात. समजा तुम्ही सलग काही वर्षं नोकरी केली आणि मग व्यवसाय सुरू केला. भत्त्याच्या हक्कासाठी मागच्या ३० महिन्यांत १२ महिने विमा हवा. म्हणजे नोकरी सोडल्यानंतर १८ महिन्यांपर्यंत, ऐच्छिक विमा न घेताही, जुन्या नोकरीच्या जोरावर तुम्हाला भत्ता मिळू शकतो. त्या काळात विम्यामुळे फारशी भर पडत नाही. जोर येतो तो एकोणिसाव्या महिन्यापासून. हप्ता निम्मा असतो तेव्हा विमा कमी उपयोगाचा आणि पूर्ण हप्ता लागू झाला की तो कामाचा, असा हा उलटा प्रकार आहे. तरीही सुरुवातीलाच घ्यावा लागतो, कारण तीन महिन्यांनंतर दार बंद. म्हणून पहिल्या दीड-दोन वर्षांचे हप्ते पुढच्या संरक्षणाची जागा राखून ठेवण्यासाठी आहेत असं समजून भरावेत.

याला एक फाटा आहे. नोकरी संपल्यावर तुम्ही बेरोजगार म्हणून नोंद केली, भत्त्याचा हक्क उभा राहिला आणि तो पूर्ण न वापरता व्यवसाय सुरू केला, तर उरलेले दिवस हक्क उभा राहिल्यापासून चार वर्षांपर्यंत वापरता येतात. त्यासाठी ऐच्छिक विमा लागत नाही. स्वतःहून राजीनामा दिला असेल तर साधारणपणे १२ आठवड्यांची भत्ताबंदी लागते आणि भत्त्याचे दिवसही किमान एक चतुर्थांश कमी होतात, तरी हक्क उभा राहतोच. मोठ्या पगारावर उभा राहिलेला असा शिल्लक हक्क ज्याच्याकडे आहे, त्याने ऐच्छिक विमा घेताना सावध राहावं. वर्षभर हप्ते भरून नवा हक्क उभा राहिला की जुना संपतो. जुन्याचे उरलेले दिवस मर्यादेपर्यंत नव्यात मिळवले जातात, पण रोजचा दर नव्या, म्हणजे बऱ्याचदा काल्पनिक, पगारावर निघतो. त्याआधीच्या दोन वर्षांत प्रत्यक्ष भत्ता घेतला असेल तर जुना दर राखला जातो, नसेल तर नाही. ज्याचा जुना पगार वरच्या १४९.८० यूरो रोजाच्या बराच वर होता, त्याने हा हिशोब कागदावर मांडूनच निर्णय घ्यावा.

व्यवसाय सुरू करताना मिळणारं अनुदान, 'ग्र्युन्डुंग्सत्सूशुस', घेणाऱ्यांना ऐच्छिक विमा जास्त जवळचा वाटेल. या अनुदानासाठी किमान १५० दिवसांचा भत्ता शिल्लक लागतो. पहिले सहा महिने भत्त्याएवढी रक्कम आणि वर ३०० यूरो, मग अर्ज करून आणखी नऊ महिने फक्त ३०० यूरो. २०११ च्या अखेरीपासून हे अनुदान देणं न देणं कार्यालयाच्या मर्जीवर आहे. पण पहिल्या टप्प्याचा प्रत्येक दिवस शिल्लक भत्त्यातून वजा होतो, त्यामुळे अनुदान संपतं तेव्हा मागे फारसा हक्क उरत नाही. अशा माणसाकडे दुसरं संरक्षण नसतं.

भत्ता घेण्यासाठी दुकानाला कुलूप लावावं लागतं, ही समजूत चुकीची आहे. काम आठवड्याला १५ तासांच्या खाली आणलं आणि नोकरी स्वीकारायला तुम्ही मोकळे असाल, तर तुम्ही कायद्याने बेरोजगार. व्यवसायाची नोंदणी रद्द करण्याची सक्ती नाही. उरलेल्या कामातून जे उत्पन्न येतं त्यातून ३० टक्के खर्चापोटी सरसकट वजा करतात. तुम्ही जास्त खर्च सिद्ध केला तर तो धरतात. मग करही वगळून जे उरेल त्यातले महिन्याला १६५ यूरो माफ आणि त्यावरची रक्कम भत्त्यातून कापतात. एखाद्या आठवड्यात १५ तासांची मर्यादा ओलांडली तर मामला गंभीर होतो, म्हणून कामाच्या तासांची रोजची नोंद ठेवा. नोंद करण्याचा दिवस महत्त्वाचा आहे. बेरोजगार झाल्याच्या पहिल्याच दिवशी, प्रत्यक्ष जाऊन किंवा इलेक्ट्रॉनिक ओळखपत्राने ऑनलाइन नोंद करा. तीन महिने आधीही करता येते. नोंदीच्या आधीच्या दिवसांचा भत्ता मिळत नाही.

भत्त्यासोबत जे मिळतं त्याकडे फार कमी लोक पाहतात. भत्ता चालू असेपर्यंत आरोग्य, शुश्रूषा आणि निवृत्तिवेतनाचे हप्ते रोजगार कार्यालय भरतं. स्वतःचा आरोग्य विमा पूर्ण स्वतः भरणाऱ्या व्यावसायिकासाठी हीच मोठी बचत आहे. खासगी आरोग्य विम्यात अडकलेल्या, वय ५५ च्या आतल्या माणसाला तर भत्ता सुरू होताच सरकारी आरोग्य विम्यात परत येता येतं. एरवी हा रस्ता व्यावसायिकांना जवळजवळ बंदच असतो. वय ५५ उलटल्यावर मात्र बहुतेकांसाठी तोही बंद होतो.

कंपनीच्या मालकांसाठी वेगळा इशारा. 'गेएमबेहा' (GmbH), म्हणजे मर्यादित जबाबदारीच्या कंपनीत तुम्ही संचालक-व्यवस्थापक आहात आणि ५० टक्के किंवा जास्त भागभांडवल तुमचं आहे, तर सामाजिक कायद्याच्या नजरेत तुम्ही नोकरदार नाही, पगारपत्रक असलं तरी. ५० टक्क्यांहून कमी हिस्सा असेल पण मूळ कंपनी करारातच सगळ्या निर्णयांना अडवण्याचा अधिकार दिला असेल, तरीही तेच. भागधारकांनी आपापसात वेगळ्या कागदावर केलेला मतदानाचा करार इथे उपयोगी पडत नाही, हे सर्वोच्च सामाजिक न्यायालयाने स्पष्ट केलं आहे. अशा मालकाच्या पगारातून चुकून वर्षानुवर्षं बेरोजगारी हप्ता कापला गेला, तरी त्यावरून भत्त्याचा हक्क तयार होत नाही. पैसे परत मागता येतात, पण साधारण चार वर्षांमागचे हप्ते मुदतबाह्य होतात. म्हणून व्यवस्थापकपद घेताच निवृत्तिवेतन संस्थेच्या 'क्लिअरिंगश्टेले'कडून आपला दर्जा लेखी ठरवून घ्यावा. स्वयंरोजगार ठरलात तर तीन महिन्यांची मुदत तुम्हालाही लागू आहे, म्हणून शंका असेल तर अर्ज आधीच करून ठेवावा.

कलाकार आणि लेखकांसाठीची 'क्युन्स्टलरसोझियालकासे' आरोग्य, शुश्रूषा आणि निवृत्तिवेतन सांभाळते, बेरोजगारी नाही. त्यांनाही हा विमा वेगळा घ्यावा लागतो. हंगामी काम करणाऱ्यांना मात्र यात एक काटा आहे. विमा असताना व्यवसाय दोनदा थांबवला आणि दोन्ही वेळा भत्ता मागितला, तर त्यानंतर पुन्हा या विम्यात येता येत नाही. दरवर्षी दोन-तीन महिने काम नसणाऱ्याने प्रत्येक खंडात भत्ता मागू नये. तो हक्क मोठ्या संकटासाठी राखावा.

परदेशी नागरिकांनी आपल्या निवास परवान्यावर नेमकं काय लिहिलं आहे ते वाचावं. भत्त्यासाठी नोकरी स्वीकारण्याची कायदेशीर मुभा असावी लागते. ज्याच्या परवान्यावर फक्त स्वयंरोजगाराची परवानगी आहे, त्याने हप्ते सुरू करण्याआधी रोजगार कार्यालयाला आणि परदेशी नागरिक कार्यालयाला लेखी विचारावं. बेमुदत परवाना असणाऱ्यांना ही अडचण नाही. भत्ता हा हप्त्यांतून मिळवलेला असल्यामुळे कायदा त्याला सरकारी मदतीवर जगणं मानत नाही, ही जमेची बाजू. गरजूंना मिळणाऱ्या मूलभूत मदतीचं तसं नाही. तिथे संपत्तीही तपासतात आणि परवान्याच्या नूतनीकरणात अडचण येऊ शकते.

विमा सुटण्याचे मार्गही पाहून ठेवा. स्वतःहून तो सोडायचा तर पाच वर्षं पूर्ण व्हावी लागतात आणि तीन महिन्यांची पूर्वसूचना द्यावी लागते. पण तीन महिन्यांहून जास्त हप्ते थकले की विमा आपोआप संपतो, तोही शेवटचा हप्ता ज्या दिवसापर्यंत भरला त्या दिवसापासून. बँक बदलली आणि खात्यातून थेट वळती होण्याची परवानगी नव्या बँकेत द्यायची राहिली, एवढ्यानेही असं घडू शकतं. व्यवसाय चालूच असल्यामुळे पुन्हा अर्जाचा मार्ग उरत नाही. काही जण मुद्दाम याच वाटेने बाहेर पडतात आणि कायद्यात त्याला आडकाठी नाही. पण ज्याला विमा हवा आहे त्याने बँक बदलताच नवी परवानगी लेखी पाठवावी आणि पुढच्या महिन्यात हप्ता खात्यातून खरंच गेला का, ते तपासावं.